वहिनी आणि बावड्याची बस

तिसरा तास चालू होता. शिपाई वर्गाच्या दारात येऊन नुसता उभा राहिला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कोल्हापूरहून फोन होता. पुतणी मंगल पलीकडून एवढंच म्हणाली, "काका, आई गेली." सोलापूरहून मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. मंगळवार पेठेतल्या वहिनींच्या दोन खोल्यांत बायका दाटीनं बसल्या होत्या आणि कुणीतरी मला पाणी दिलं. त्याला आता दीड महिना झाला. इतकी वर्षं एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, कारण वहिनींना ती सांगितलेली नको होती. आता त्या नाहीत… आणि गप्प राहणं मला जड जातं आहे.

वहिनी हुपरीच्या. माहेरी घरोघर चालतं तसं चांदीचं काम, त्यामुळे लहानपणापासून हात पैंजणांच्या कड्या जोडण्यात तयार झालेले. लग्न होऊन त्या आमच्या घरी आल्या तेव्हा मी शाळेत होतो. आईवडील नव्हते. घरात थोरला भाऊ म्हणजे दादा, आणि मी. दादा शाहूपुरीतल्या एका व्यापारी पेढीत टायपिस्ट होता. सकाळी साडेनऊला डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी सहाला परत. माणूस अबोल. वहिनी मोठ्या आवाजाच्या, तोंडावर बोलणाऱ्या. पण त्याच्यासमोर त्यांचाही आवाज खाली यायचा. भीतीनं नव्हे. त्याच्या शांतपणाला धक्का लागू नये म्हणून.

एकाहत्तर सालचा तो हिवाळा. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि अभ्यासाची सुट्टी म्हणून घरीच होतो. दादा नेहमीसारखा निघून गेला आणि तासाभरानं त्याच्या पेढीतला शिपाई दारात आला. कपाटाची एक किल्ली दादाकडे राहिली होती, ती मागायला. वहिनी म्हणाल्या, ते तिकडंच आलेत की, त्यांनाच मागा. शिपाई गोंधळला. इकडं तिकडं बघत त्यानं सांगितलं की, दादाला पेढीतून थांबवून दीड महिना झाला होता. हात थरथरायला लागले होते, टाइपरायटरची एकीच्या जागी दुसरीच कळ दाबली जायची. मालकांनी दोन-तीनदा सांभाळून घेतलं, मग घरी बसा म्हणाले.

वहिनींनी त्याला किल्ली शोधून दिली, चहा घेऊन जा म्हणाल्या. तो गेल्यावर चुलीपाशी जरा वेळ बसल्या. पगार लांबलाय हे दादाचं सांगणं खरं धरून दीड महिना त्या रोज डबा भरून देत होत्या आणि संध्याकाळी तो घासत होत्या. मग उठल्या, चिमुकल्या मंगलला शेजारी सोडलं, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "चला भावजी. कुठं बसत्यात ते बघूया."

नऊ वर्षं कोल्हापुरात राहून वहिनींना तीनच वाटा ठाऊक होत्या: देवळाची, मंडईची आणि हुपरीच्या गाडीची. बाकीचं शहर त्यांनी त्या दिवशी पाहिलं. आधी आम्ही भवानी मंडपात गेलो, कारण तिथं दिवसभर माणसं बसून असतात. मग बिंदू चौक, मग वाचनालय. वाचनालयात त्या दारातच थांबल्या आणि वर्तमानपत्रावर वाकलेल्या एकेका माणसाची पाठ बघत राहिल्या. तिथून महाद्वार रोडनं चालत पंचगंगेचा घाट गाठला. पाण्यात पाय सोडून बसलेला प्रत्येक माणूस मला लांबून दादासारखा वाटत होता. मी घाटावर खाली उतरून बघून येईपर्यंत वहिनींनी दीपमाळेचा दगड धरून ठेवला होता.

चप्पल नवी होती, टाचेला लागत होती. रिक्षा करूया म्हटलं तर नको म्हणाल्या. रिक्षात बसलं की बाजूची माणसं दिसत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. शेवटी मी त्यांना बळंच स्टेशनकडं जाणाऱ्या म्युनिसिपालटीच्या बसमध्ये बसवलं. स्टेशनवर फलाट पाहिले, बाकडी पाहिली. बाहेर बसथांब्यावर एक कंडक्टर चहा पीत उभा होता, त्याला मी दादाचं वर्णन सांगितलं: काळी टोपी, कापडी पिशवीत डबा, उजवा हात खिशात. तो लगेच म्हणाला, "व्हय की. रोज बावड्याला येत्यात. शेवटच्या थांब्यावर उतरत्यात. हापिस हाय काय तिथं त्यांचं?"

आम्ही कसबा बावड्याच्या बसमध्ये चढलो. वहिनींना खिडकीजवळची जागा मिळाली. बस शहराबाहेर पडायला लागली, बंगले आले, मोठी झाडं आली, उसाच्या गाड्यांची रांग आली, आणि वहिनी काच सरकवून बाहेर बघत एकदम म्हणाल्या, "केवढं मोठं हाय की हो आपलं गाव!" तोंडभर हसल्या. मग आपण कशाला निघालोय ते आठवलं असावं. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि उतरेपर्यंत बाहेर पाहिलं नाही. त्या एका हसण्याबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही, असं मला वाटतं.

शेवटच्या थांब्यावर उतरलो तेव्हा साखर कारखान्याच्या मळीचा वास भरून राहिला होता. रस्त्यापासून आत, ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर दादा बसला होता. आमच्याकडं अर्धी पाठ करून. समोरून उसाच्या बैलगाड्या जात होत्या. दीड वाजला होता, म्हणजे पेढीतल्या जेवणाच्या सुट्टीची वेळ. त्यानं मांडीवर रुमाल अंथरला, डबा उघडला आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरून घास तोंडाकडं न्यायला लागला.

मी हाक मारणार होतो. वहिनींनी माझा दंड धरला.

"जेवू द्या. जेवणावरनं उठवू नये माणसाला."

"पण वहिनी…"

"आपण काय बघितलं न्हाय, भावजी. ते सांगतील तवा सांगतील."

आम्ही त्याच बसनं परत फिरलो. सहाला दादा आला, वहिनींनी चहा दिला, पेढीत काम फार होतं का विचारलं. तो हो म्हणाला. मी पुस्तकात डोकं घालून बसलो.

त्यानंतर चार महिने तो तसाच जात राहिला. वहिनींनी भावांना सांगून हुपरीहून काम आणवलं आणि तो बाहेर असेपर्यंत त्या खिडकीपाशी बसून पैंजणं जोडायच्या, सहाच्या आत आवरून ठेवायच्या. एक दिवस त्यांनी मुद्दाम आवरलं नाही. दादा आला, उभा राहून बघत राहिला, मग टोपी काढून समोर बसला आणि घुंगरांच्या ढिगातून लहान-मोठी वेगळी करायला लागला. दुसऱ्या दिवसापासून तो घराबाहेर गेला नाही. पुढं सात वर्षांनी तो गेला, तोवर त्याला स्वतःच्या हातानं पाणीसुद्धा पिता येत नव्हतं. डॉक्टरकडं नेलं ते फार उशिरा. त्या दिवशी मी हाक मारली असती तर… हा विचार मला अजून सोडत नाही, आणि वहिनींवर मी मनातल्या मनात रागावलेलो होतो हेही खरं.

गेल्या दिवाळीत मी त्यांना शेवटचं भेटलो तेव्हा हे बोलून टाकलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी बघितलं हुतं आपल्याला."

मला कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी संध्याकाळी मी दिवाबत्तीचं रॉकेल आणायला गेलो होतो. वहिनींच्या टाचा फोडांनी भरल्या होत्या. देवळाला गेले होते, असं त्यांनी दादाला सांगितलं. त्यानं पाणी तापवलं, मीठ घातलं, घमेलं त्यांच्या पायाशी आणून ठेवलं. हात थरथरत होते, निम्मं पाणी वाटेत सांडलं. मग खाली बघतच त्यानं विचारलं, "बसमध्ये बसायला जागा मिळाली का?"

"मिळाली," वहिनी म्हणाल्या. "खिडकीजवळची."

एवढंच. आयुष्यात पुन्हा तो विषय त्या दोघांत निघाला नाही.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. मंगल खोली झाडत होती. झाडता झाडता तिनं विचारलं, "काका, मला बाबांचं ऑफिसला जाणं थोडंसं आठवतं. कसे होते हो ते ऑफिसात?" मी म्हणालो, "वेळेचे पक्के होते." ती समाधानानं हसली, आणि सोलापूरपर्यंत मला ते हसणं पुरलं नाही. म्हणून हे लिहिलं. मंगल, तू वाचशील तेव्हा माझ्यावर रागाव, त्या दोघांवर नको.

त्या खोलीत खिडकीखाली फरशीवर दोन जागा बसून बसून गुळगुळीत झाल्या आहेत, समोरासमोर, मध्ये हातभर अंतर. मी निघालो तेव्हा मंगलनं सगळं सामान हलवून भिंतीकडेनं लावलं होतं. त्या दोन जागांवर मात्र तिनं काही ठेवलेलं नव्हतं.