घडीताईची तीनचाकी

आजूबाजूच्या चार गल्ल्यांत तिला सगळे घडीताई म्हणत. लाँड्रीतून आलेल्या चादरीची तिने घडी घातली की ती उलगडणं लोकांच्या जिवावर यायचं, इतक्या तिच्या कडा जुळलेल्या असत. माणूस म्हणूनही ती तशीच होती, सगळे कोपरे जागच्या जागी. फक्त आत कुठेतरी एक चुणी राहून गेली होती, आणि ती चौदा वर्षं कोणाच्या नजरेला पडली नव्हती.

चुणी काय, तर तिला सायकल येत नव्हती.

यात लपवण्यासारखं काय आहे, असं कोणीही म्हणेल. पण होणारा नवरा पहिल्यांदा भेटायला आला तो सायकलवरून, आणि पाच मिनिटांच्या आत त्याने विचारलं, "सायकल येते ना तुला?" तो दिसायला बरा होता आणि बोलायला त्याहून बरा. ती म्हणाली, "येते की." पुढे लग्न झालं, लाँड्री निघाली, जुळ्या मुली झाल्या, पण ते दोन शब्द परत घ्यायचा मुहूर्त काही सापडला नाही. सुट्टीच्या दिवशी तो म्हणायचा, चल, तलावापर्यंत चक्कर मारून येऊ. मग हिचं डोकं दुखायचं, नाहीतर इस्त्री खोळंबलेली असायची. तो एकटाच जायचा. पुढे पुढे त्याने विचारणंच सोडलं, आणि ही मनातून सुटली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडायची वेळ दोन गोष्टींनी एकदमच आणली. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि सहा महिने पॅडल नाही की क्लच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि त्याच आठवड्यात नोटीस लागली की पुढच्या महिन्यापासून जुन्या भागातल्या गल्ल्यांत दिवसा मोटारी बंद. लाँड्री नेमकी त्या गल्ल्यांच्या मधोमध. बाकीची गिऱ्हाइकं चालत येऊन कपडे नेतील, पण टेकाडावरच्या वृद्धाश्रमाचं काय? तिथे रोज सकाळी नऊच्या आत तीस पलंगांच्या चादरी पोचाव्या लागत. निम्म्याहून जास्त काम त्यांचंच. तिथल्या मेट्रनबाईंनी गोड शब्दांत सांगून टाकलं होतं की वेळ चुकायला लागली तर आम्हाला दुसरी लाँड्री बघावी लागेल.

उशीवर पाय ठेवून पडल्या पडल्या नवऱ्याने हा प्रश्न एका मिनिटात सोडवला. "मालवाहू सायकल घेऊ. पेटी असते तिला पुढे. चादरी मावतात, पोरीही मावतात, शाळा वाटेवरच आहे. चालवायला तू आहेसच."

त्या आठवड्यात खरं काय ते सांगायला घडीताई दोनदा त्याच्या पलंगापाशी जाऊन बसली, आणि दोन्ही वेळा त्याने चहा मागितला. लाज ही अशी चीज आहे की तिला चहाचंही निमित्त पुरतं. ती उठून चहा करायला गेली.

सायकलींच्या दुकानदाराला सगळे मास्तर म्हणत, कारण तो आधी शिकवायचा आणि मग विकायचा. त्याचा एकच नियम होता: तुमचं रोजचं ओझं घेऊन या. "रिकामी सायकल सगळ्यांनाच आवडते," तो म्हणे. म्हणून शनिवारी सकाळी दिराच्या गाडीतून चादरींची पाच गाठोडी, दोन जुळ्या, कुबडीवाला नवरा आणि घडीताई अशी वरात मास्तरच्या दुकानामागच्या अंगणात उतरली. दीर शर्यतीत सायकल चालवणारा. अंगाला चिकटलेले कपडे, काळा चष्मा, आणि तोंडात सायकलीचं वजन, तेही ग्रॅममध्ये. आधी आपण चालवून बघू, मग वहिनीला देऊ, असं त्याने येतानाच ठरवून टाकलं होतं. वहिनीला ते हजारदा मान्य होतं.

पहिली काढली ती लांबलचक दुचाकी, मध्ये पेटी आणि त्यापुढे चिमुकलं चाक. दिराने गाठोडी टाकून दोन फेऱ्या मारल्या. "लोणी आहे, लोणी." मास्तर म्हणाला, "आता पोरींना बसवा आणि खडूच्या रेघेवर थांबा." दीर थांबला, आणि सगळा भार एका अंगाला कलला. एका पायावर तो सावरून धरताना त्याचा चेहरा वांग्यासारखा झाला. जुळ्या खूश. "काका, परत."

"जमेल सवयीने. पुष्कळांना जमते," मास्तर म्हणाला. "जोरात जायचं असेल, लांब जायचं असेल, तर हीच घ्या. पण ताई, तुमच्या वाटेवर थांबे किती?"

घडीताईने मनात मोजले. शाळा, दोन नाके, सिग्नल, टेकाडाच्या पायथ्याचा चौक. "अकरा," ती म्हणाली. अकरा थांबे लांबच राहिले, पहिल्या थांब्यापर्यंत तरी ती कशी पोचणार होती?

मग मास्तरने खोदून खोदून विचारलं. लाँड्रीचं मागचं दार किती रुंद? नवऱ्याने माप आणलं होतं, मीटरला चार बोटं कमी. चढ केवढा? पावसात सायकल कुठे उभी राहणार? सगळं ऐकून त्याने कोपऱ्यातून तीनचाकी ओढून काढली. पुढे दोन चाकं, त्यांच्यामध्ये बसकी पेटी, पेटीत पट्टे लावलेला बाक, चढासाठी बॅटरी, आणि पोरं चढता-उतरताना सायकल हलू नये म्हणून अडकवून ठेवायचा ब्रेक. दारातून जेमतेम जाईल, पण जाईल.

नवऱ्याने तोंड वाकडं केलं. "ही तर म्हाताऱ्यांची."

"हिला काय चालवायचंय," म्हणत दीर बसला. पहिल्याच वळणावर त्याने सवयीने अंग झोकून दिलं. तीनचाकी झुकली नाही. ती आपली सरळ निघाली आणि त्याला घेऊन कुंपणाच्या झुडपात शिरली. पानं झटकून तो पुन्हा बसला आणि पुन्हा त्याच झुडपात गेला. "हँडल वाकडं आहे हिचं," तो म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," नवरा म्हणाला. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदाच इतका हसत होता. मग तो बायकोकडे वळला. "आता तू."

जो बक्षिसं मिळवतो तो झुडपात गेला, मग आपलं काय होणार, हे घडीताईला स्पष्ट दिसत होतं. सांगून टाकावं, इथेच, आत्ताच. पण तोंड उघडेना आणि पाय मात्र चालत गेले. मास्तर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "अंग झुकवायचं नाही. जायचंय तिकडे हँडल वळवायचं. वळणाआधी वेग कमी. बास."

तिने पॅडल मारलं. सायकल हलली, आणि पडायची वाट बघत ती पुढे गेली. पडणं आलंच नाही. वळण आलं, तिने हँडल वळवलं, तीनचाकी गुमान वळली. दुसऱ्या फेरीला गाठोडी चढली, तिसऱ्या फेरीला जुळ्या. खडूच्या रेघेवर ती थांबली तर सायकल आपली आपण उभी, पायसुद्धा टेकावा लागला नाही. घडीताईचा जीव भांड्यात पडला. वृद्धाश्रम राहिला, शाळा राहिली, आणि कोणाला काही सांगावंही लागलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

"बघितलंस?" नवरा भावाला म्हणाला, अंगणभर ऐकू जाईल असं. "लहानपणापासून चालवतेय ती."

मास्तर फडक्याला हात पुसत होता. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, एवढंच की त्याला आपल्या धंद्यातलं चुकीचं ऐकवत नसे. "छे हो," तो म्हणाला. "सायकल येणारा माणूस हिच्यावर पहिल्या वळणाला झुकतोच. इतक्या वर्षांत मी एकही बघितला नाही न झुकलेला, मीसुद्धा झुकलोय. पहिल्याच फेरीला असा नीट कोण जातो? ज्याने सायकलला कधी हात लावलेला नाही तो. ताईंनी नाही लावलेला."

दीर झुडपाकडे बघायला लागला. नवरा तिच्याकडे.

अजूनही काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण आताच एवढं मोठं संकट टळलं होतं, की तिच्यात पुन्हा खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "नाही येत मला," ती म्हणाली. "कधीच येत नव्हती. त्या दिवशी खोटं बोलले तुमच्याशी."

तो हसेल किंवा चिडेल, अशी तिची खात्री होती. त्याने तसं काहीच केलं नाही. दुखरा पाय लांब करून पेटीच्या काठावर टेकला. "म्हणजे तलावावर यायची नाहीस ते..."

"कशी येणार? कोपऱ्यावरच पडले असते."

"म्हणून डोकं दुखायचं?"

"म्हणून."

"मला वाटायचं, तुला माझ्याबरोबर यायचंच नसतं," तो म्हणाला. "म्हटलं, बाई संसाराला चांगली आहे, धंद्याला चांगली आहे, फक्त आपली सोबत नको वाटते तिला. मग सोडलं विचारायचं. उगाच कशाला कोणावर जुलूम करा."

घडीताईने इतकी वर्षं आपली चुणी तेवढी सांभाळली होती. तिची दुसरी बाजू या माणसाला रोज टोचत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. "वेडे आहात का तुम्ही," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. ते चांगलं मोकळं रडू होतं, आवरावंसं न वाटणारं. जुळ्यांनी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा हसत होते, तेव्हा पोरी पुन्हा पट्ट्यांशी खेळायला लागल्या. तोही डोळे पुसतच हसत होता.

तीनचाकी ठरली. मास्तरने सीट खाली केली, हवा तपासली, किल्ली हातात दिली, आणि घडीताई घरी जायला सीटवर बसली. दिराने गाठोडी आणि जुळ्या गाडीत घातल्या आणि दादासाठी पुढचं दार उघडलं.

दादा तिकडे गेलाच नाही. तो पेटीपाशी उभा होता, कुबडी काखेत, आणि चौदा वर्षांपूर्वीच्या त्या तरुणापेक्षाही जास्त संकोचलेला. "मी बसू का गं पुढे?" त्याने विचारलं. "तुला चालणार असेल तर."

घडीताईने ब्रेक अडकवला, खाली उतरली आणि त्याचा पाय अलगद उचलून बाकावर ठेवला.

"बसा," ती म्हणाली. "आता म्हणाल तिथे येते तुमच्याबरोबर."