चतुःसीमा: चारही बाजूंना पाणी

सरकारी कचेरीत फायलींना नंबर असतात, किस्स्यांना नसतात. म्हणूनच फायली सापडत नाहीत आणि किस्से हरवत नाहीत!

परवा पळसदरीला गणपत ठोंबरेंकडे गेले होते. पंच्याऐंशी उलटलीत, कानांनी दगा दिलाय. पण मला दारात पाहिलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताय, आपलं जाज कसं हाय?"

जहाज भंगारात निघून जमाना झाला! तरी मी ओरडून सांगते, "ठीक आहे!" मग चहा येतो, आणि एकेक किस्सा बाहेर पडायला लागतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूची काही व्यापारी जहाजं आपण पकडली. पकडलं ते आरमाराने, पण पकडल्यावर सांभाळायचं कोणी? जहाज, त्यातला माल, त्यावरची माणसं, सगळ्यांची व्यवस्था लावायला मुंबईत एक छोटी शाखा काढली. तिचे प्रमुख प्रधानसाहेब, राहणार खोपोली. टायपिस्ट मी, भिसेगावची, वय वर्षं एकवीस. आणि जहाजावरचे पहारेकरी गणपत ठोंबरे, पळसदरीचे भातशेतीवाले. तिघांचीही गावं कर्जतच्या लोकलवरची, म्हणून बाकीचं ऑफिस आम्हाला 'कर्जत लाइन' म्हणायचं.

आमच्या वाट्याला एकच जहाज आलं. कागदोपत्री नाव 'जहाज क्रमांक दोन'. क्रमांक एक कुठलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही!

* * *

पहिल्याच दिवशी पंचाईत. जहाजाची नोंद करायला फॉर्मच नव्हता! शत्रूच्या मालमत्तेचा जो छापील फॉर्म होता, तो घरं आणि जमिनींचा. साहेब म्हणाले, "आहे तोच भरा. रकाना रिकामा सोडायचा नाही."

मी भरला. मजले किती? सात, पैकी तीन पाण्याखाली. विहीर आहे काय? नाही, पाणी मुबलक. चतुःसीमा? पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी, दक्षिणेस पाणी, उत्तरेसही पाणी.

साहेबांनी सही करून कागद दिल्लीला पाठवला. पंधरा दिवसांत उत्तर हजर: "सदर मालमत्तेस जाण्यायेण्याचा रस्ता दर्शविलेला नाही. तरी समक्ष पाहणी करून नकाशा जोडावा!"

* * *

झालं, समक्ष पाहणीला जाणं आलं. जहाज बंदरात दूर नांगरून ठेवलेलं. लाँचमधून जवळ गेलो आणि वर पाहिलं, तर चार माळ्यांची भिंत आणि तिच्यावरून लोंबणारी दोरीची शिडी. मी पाचवारी साडीत! वर कठड्याला चाळीस-एक खलाशी रांगेने उभे राहून पाहतायत. त्यांना अजून छावणीत हलवलं नव्हतं, जहाजावरच नजरकैदेत होते. माझे पायच उचलेनात.

त्यांचा कप्तान पिकल्या दाढीचा. त्याने खाली एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात हुकूम सोडला, "सब लोग उधर मुँह करो!"

चाळीसच्या चाळीस माणसं वळली. कप्तान स्वतःही वळला. मी एकेक पायरी धरत वर पोचले, तर समोर नुसत्या पाठी!

माझ्यामागून साहेब. निम्म्यावर त्यांचा बूट दोरीत अडकला. "अहो, कोणी आहे का? अहो, हात द्या!" पण कप्तानाचा हुकूम तो हुकूम. एकही मान वळेना. साहेब शिडीवर लोंबकळतायत आणि चाळीस सभ्य गृहस्थ समुद्र बघतायत!

शेवटी कप्तानाने पाठमोऱ्यानेच विचारलं, "बीबीजी चढ गयीं?"

मी म्हटलं, "मी चढले हो, साहेब राहिलेत!"

हसू येतंच. पण लढाई नुकतीच संपलेली असताना, कैदेत असलेल्या माणसांनी एका परक्या मुलीचा एवढा मान ठेवला, हे मी विसरले नाही. पुढे नोकरीत बरेच पुरुष पाहिले, म्हणून तर अजिबात विसरले नाही.

* * *

गणपतरावांनी तोवर समुद्र लांबूनच पाहिलेला. ड्यूटीच्या तिसऱ्या दिवशी ते धापा टाकत ऑफिसात आले.

"सायेब, जाज पळायच्या बेतात हाय!"

साहेब ताडकन उठले. "कशावरून?"

"काल सांच्याला त्याचं तोंड मुंबैकडं व्हतं. आज सकाळी बगतो तर भायेर दर्याकडं! आतल्या आत वळलंय!"

साहेबांनी थेट बंदर अधिकाऱ्यांना फोन लावला. शत्रूचं जहाज दिशा बदलतंय, ताबडतोब बोट पाठवा! पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, भरती-ओहोटीला नांगरावरचं प्रत्येक जहाज वळतं. खिडकीतून बघा, आमचीही वळली आहेत."

साहेबांनी फोन ठेवला. आम्हाला वाटलं, आता गणपतरावांची काही धडगत नाही. साहेब म्हणाले, "ठोंबरे, चूक झाली तरी चालेल, असंच लक्ष ठेवा." आणि मग मला, "बाई, हे नोंदीत घेऊ नका. फोन मी केला होता!"

* * *

पुढे खलाशांना छावणीत नेण्याआधी एकेकाला बोलावून नाव-गाव लिहून घ्यायचं ठरलं. दुभाषी म्हणून एक वयस्कर मुन्शी आणले. साहेब मराठीत विचारणार, मुन्शी उर्दूत सांगणार, खलाशी उर्दूत उत्तर देणार, मुन्शी मराठीत सांगणार आणि मी टाइप करणार. एका माणसाला अर्धा तास!

त्यात जहाजाच्या आचाऱ्याची पाळी आली. नाव हसनमियाँ, वय साठीच्या आसपास. मुन्शींनी विचारलं की तो खाली मान घालून 'जी' आणि 'जी नहीं' एवढंच बोलायचा. मी मधेच गणपतरावांना हळू म्हटलं, "म्हाताऱ्याचा चेहरा पार उतरलाय हो. काही खाल्लं नसेल. विचारा तरी."

हसनमियाँनी मान वर केली. "खायाला नको, बाय. च्या भेटला तर बरा."

मुन्शींचा तर चष्माच घसरला.

साहेब म्हणाले, "तुम्हाला मराठी येतं?"

"येनारच! जल्म खालापूरकडचा. पोटासाठी कराचीला गेलो, मंग देशाच्या वाटन्या झाल्या, तितंच ऱ्हायलो."

"अहो, मग एवढा वेळ सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलंच नाय!"

साहेबांनी मुन्शींना चहा प्यायला पाठवलं. मग पुढचा तासभर सरकारी कामकाज काय चाललं, तर खालापूरची विहीर अजून आहे का, देवळाजवळचं चिंचेचं झाड आहे का, तळ्याला पाणी किती! तो तास कुठल्या रकान्यात टाकायचा, हे मला सुचलं नाही. मी टाकलाच नाही.

* * *

जहाजावर एक शेळी होती. खलाशांच्या जेवणासाठी ठेवलेली, ती सुटकेची वाट पाहत राहिली आणि एका सकाळी व्यायली! झाली का पंचाईत? शेळी यादीत होती, शत्रूची मालमत्ता म्हणून. पिल्लू यादीत नव्हतं.

गणपतरावांचं म्हणणं साफ होतं. "सायेब, आई दुश्मनाची आसंल. पन पिल्लू मुंबैत जल्मलंय!"

साहेबांना पटलं, पण नियम सापडेना. त्यांनी सविस्तर पत्र लिहून वर मार्गदर्शन मागवलं. तोवर मायलेकरांना ऑफिसात आणून ठेवलं, पिल्लू उड्या मारायला लागलं, साहेबांच्या टेबलाखाली बसायला लागलं. महिन्याभराने उत्तर आलं. मी फोडलं आणि मला वाचवेना. साहेबांनी घेतलं आणि मोठ्याने वाचलं:

"पिल्लाच्या पितृत्वाबाबत खुलासा करावा!"

साहेबांनी खुलासा केला नाही. शेळी आणि पिल्लू दोन्ही 'सांभाळण्यास' पळसदरीला रवाना झाली. दुधाची कमतरता ठोंबऱ्यांच्या घरी पुढे कधी पडली नाही म्हणतात.

* * *

खलाशी छावणीत निघाले त्या दिवशीची गोष्ट. सगळे लाँचमध्ये उतरले, कप्तान एकटाच मागे रेंगाळला. त्याने गणपतरावांना आपल्या खोलीशेजारी नेलं आणि लाकडी पेटीतलं एक पितळी घड्याळ दाखवलं. जहाज कुठे आहे, हे भर समुद्रात त्या घड्याळावरून कळतं. त्याला रोज सकाळी आठला किल्ली द्यायची, साडेसात वळसे, कमी नाही, जास्त नाही. बंद पडलं तर जहाज आंधळं.

हे त्याने हिंदीत सांगितलं. गणपतरावांना निम्मं कळलं, पण जे कळायचं ते कळलं.

पुढे वर्ष उलटलं. जहाजाचा निकाल लागला, नवं नाव रंगवलं गेलं, आपले अधिकारी ताबा घ्यायला आले. त्यांच्यातल्या एकाने पेटी उघडली आणि चकितच झाला. घड्याळ चालू! "हे कोणी चालू ठेवलं?"

गणपतराव पुढे झाले. "मी, सायेब. रोज आठाला. सात वळसे आन वर आर्धा."

"कोणाच्या हुकमाने?"

गणपतराव जरा घाबरले. मग म्हणाले, "हुकूम दुश्मनाचाच व्हता. पन घड्याळाचा काय गुना?"

त्या अधिकाऱ्याने टोपी नीट केली आणि आमच्या ठोंबऱ्यांना कडक सलाम ठोकला! पळसदरीच्या माणसाला असा सलाम मिळाल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही.

* * *

आता एकच सांगते.

माझा थोरला भाऊ, दादा, एका मालवाहू जहाजावर होता. लढाई सुरू झाली तेव्हा त्याचं जहाज तिकडच्या बंदरात सापडलं. आपण त्यांचे धरले, तसे त्यांनी आपले धरले. दोन महिने ना पत्र, ना निरोप. आईने गोड खाणं सोडलं होतं. कोणी दार वाजवलं की आधी ती उठायची. ऑफिसात मी काही बोलले नव्हते, पण साहेबांना कुठून तरी कळलं होतं.

दोन्ही बाजूंनी धरलेल्या खलाशांच्या याद्या तिसऱ्या देशामार्फत एकमेकांना पाठवायच्या ठरल्या. आमच्या जहाजाची यादी मी टाइप करायला घेतली. नाव, बापाचं नाव, हुद्दा, आणि प्रकृती या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: 'ठीक'.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "बाई, नुसतं 'ठीक' नको. ठीक तर कोणीही लिहितो. छावणीत जा, एकेकाला भेटा आणि प्रत्येकाच्या पुढे त्याची एकेक ओळ लिहा. तिकडे कोणाच्या तरी घरी ती यादी वाचणार आहेत."

मी गेले. चाळीस माणसांच्या चाळीस ओळी लिहिल्या. अमक्याचा खोकला थांबला. तमका भिंतीवर मुलीचं नाव लिहितो. हा दाढी वाढवतोय, तो बुद्धिबळात सगळ्यांना हरवतो. साहेबांनी एकही ओळ न खोडता सही केली.

तीन आठवड्यांनी तिकडची यादी आली. त्या रविवारी सकाळी प्रधानसाहेब खोपोलीहून भिसेगावला आमच्या दारात हजर. कागद ऑफिसाबाहेर नेता येत नव्हता, म्हणून त्यांनी हवी तेवढी ओळ वहीच्या पानावर उतरवून आणली होती. आई भिंतीला धरून उभी राहिली. साहेब बसलेसुद्धा नाहीत. चष्मा लावून, ऑफिसात वाचायचे तसे वाचायला लागले.

"नाव, बरोबर. वडिलांचं नाव, बरोबर. प्रकृती ठीक." मग थांबले. "वहिनी, हे एवढं टाइप केलेलं आहे. पुढे कोणीतरी हाताने, शाईने लिहिलंय. प्रत्येकाच्या पुढे लिहिलंय. तुमच्या मुलाच्या पुढे असं आहे: 'दिवसभर गातो. आवाज चांगला नाही.'"

आई मटकन खाली बसली. पदर तोंडावर धरला, आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम.

"आमचाच आहे हो, साहेब! आमचाच आहे तो!"