पुस्तकात पैंजणं होती

निजामाच्या राज्यात आमच्या मुरुमातल्या बायका ईरण्णाकडं बांगड्या भरायला जात, त्यातल्या निम्म्या खरं तर भ्यायला जात. माझी आई, शिवगंगा, त्यातलीच. हातातल्या बांगड्या धड असल्या तरी ती एखादी मुद्दाम दगडावर आपटून वाढवायची आणि सासूला उणा चुडा दाखवून बाजाराची वाट धरायची. हे तिनं मला म्हातारपणी सांगितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. पुढचं सांगताना मात्र ती हसली नाही.

ईरण्णाला गाव बळेगार म्हणायचं. बळे म्हणजे कानडीत बांगडी. आमच्याकडं निम्मी बोली अशी शिवेपलीकडची. ईरण्णाच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि बोटं इतकी मऊ की बायकांनाच लाज वाटावी. माल आणायला तो सोलापूरला जायचा. सोलापूर इंग्रजांचं, मुरुम निजामाचं, मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. येताना त्याच्या पेटीत बांगड्यांच्या माळा फुटू नयेत म्हणून गवत भरलेलं असायचं, आणि गवताच्या जोडीला पुस्तकं. नाक्यावरच्या शिपायानं एकदा विचारलं, "इसमें क्या है?" ईरण्णा म्हणाला, "भूतां हैं, साब." शिपायानं एक पुस्तक उघडलं, आतलं सांगाड्याचं चित्र बघितलं आणि हळूच मिटून परत ठेवलं. पुढच्या खेपेला त्यानंच विचारलं म्हणे, "नयी भूतां लाये क्या?" खरं-खोटं ईरण्णा जाणे. रंगवून सांगायची खोड त्याला होतीच, आणि त्या खोडीचीच ही गोष्ट आहे.

ती पुस्तकं नावाजलेल्या लोकांची नव्हती. कुणी शाळामास्तर, कुणी पोस्टातला कारकून भुताखेताच्या गोष्टी लिहायचा, बायकोची बोलणी खात पदरमोड करायचा आणि एखाद्या बारक्या छापखान्यातून पातळ कागदावर थोड्या प्रती काढायचा. पानं उलटीसुलटी, अक्षरं पुसट. ईरण्णा सोलापूरच्या रस्त्यांवर ती हुडकत फिरायचा. त्याचं म्हणणं असं की, मोठ्या प्रकाशकाचं भूत परवानगी काढून येतं, आणि पदरचं घालून छापणाऱ्याचं भूत न विचारता उंबऱ्यात उभं राहतं.

ज्यांना वाचता यायचं त्यांना तो पुस्तक द्यायचा, पण माणूस बघून. अडत्या गुंडप्पाला लांबलचक गोष्टी, कारण दुपारी अडतीत बसून त्याला माशाच मारायच्या असत. गाडीवानाला चकव्याची गोष्ट कधी नाही. पोटुशी बाई असलेल्या घरात तर एकही पुस्तक जाऊ द्यायचा नाही. "औषध हाय हे. मात्रा चुकली की बाधतंय," म्हणायचा. एवढं कळणारा माणूस होता. म्हणून तर त्याचा राग येतो.

बहुतेक बायकांना वाचता येत नव्हतं. त्यांना तो बांगड्या भरता भरता तोंडानं सांगायचा, आणि त्यातच त्याच्या धंद्याची मेख होती. हात आवळलेला असला की बांगडी सांध्यावरून जात नाही. भ्यालेली बाई हात आवळते. पण भिण्याच्या जरासं आधी, आता पुढं काय होतंय म्हणून ती जीव कानात आणून बसलेली असते, तेव्हा तिचा हात पार सैल पडतो. ईरण्णा गोष्ट नेमकी तिथं आणून थांबवायचा. बाई श्वास धरून बसायची आणि बांगड्या कधी चढल्या हे तिला कळायचंही नाही. मग गोष्टीतलं दार उघडायचं, बाई किंचाळायची आणि हातात भरलेला चुडा वाजायचा. दुकानात हशा पिकायचा.

शिवाय तो गोष्टीतलं गाव बदलायचा. पुस्तकात कोकणातला माड असला तर ईरण्णाच्या तोंडात तो वेशीबाहेरचा लिंब व्हायचा. "माड कुणी बघितलाय हितं? न बघितलेल्याला कोण भ्येतंय?" असं त्याचं उत्तर असायचं.

महायुद्धाच्या दिवसांत त्याला एक पिवळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक मिळालं. त्यात एका एकट्या बाईची गोष्ट होती. ती विहिरीजवळ राहायची, मेल्यावरही दिवेलागणीला लोकांच्या दारात पाणी मागायला यायची. आधी पैंजणांचा आवाज यायचा, मग दाराच्या फटीतून हात आत यायचा. गोष्ट फक्कड होती. पण पैंजणं ईरण्णाच्या दुकानात नव्हती. त्याच्याकडं होत्या बांगड्या. त्यानं पैंजणांची काकणं केली. मग त्याच्या लक्षात आलं की काकणं सगळ्याच बायकांची वाजतात, त्याला कोण भिणार? तेव्हा सांगता सांगता त्यानं भर घातली: ह्या बाईची काकणं एकाच हातात वाजत होती.

त्या दिवशी दुकानात जी किंकाळी उठली ती समोरच्या तेल्याच्या दुकानापर्यंत गेली. ईरण्णा खूश झाला. त्यानं तीच गोष्ट दर बाजाराला सांगितली, आणि विहिरीची केली गावाला लागून असलेल्या गावंदरीची विहीर.

आता गावंदरीच्या विहिरीजवळ सिद्धम्मा राहत होती. जिवंत, हाडामांसाची, दोन म्हशी असलेली. लहानपणी गुऱ्हाळात उकळत्या काकवीनं तिचा डावा हात भाजला होता आणि सांधे असे आखडले होते की त्यातून बांगडी जायची नाही. उजव्या हातात तेवढा हिरवा चुडा. नवरा हैदराबादेकडं कामाला म्हणून गेला तो फिरकला नव्हता, पण मेल्याची खबर नव्हती, म्हणून सिद्धम्मा काकणं भरत होती. ती भरायला यायची ईरण्णाकडंच. त्या एका हाताची माहिती ईरण्णाइतकी गावात कुणालाच नव्हती. ती गोष्टीत कशी शिरली असं विचारलं की तो म्हणायचा, "आपसूक तोंडात आली." आईचा त्यावर विश्वास होता. माझा नाही. आपसूक तोंडात येतं ते आधी मनात कुठंतरी ठेवलेलंच असतं.

सिद्धम्माचा संसार दह्यावर चालायचा. डोक्यावर मडकं घेऊन ती सकाळी गल्लोगल्ली फिरायची. आधी तिच्यामागं पोरं ओरडायला लागली. मग सासवांनी सुनांना बजावलं, दिवेलागणीला तिकडं पाण्याला जायचं नाही. मग पाटलाच्या गल्लीत कुणाचंतरी मूल तापानं फणफणलं, आणि कुणीतरी म्हणालं की त्यानं सिद्धम्माचं दही खाल्लं होतं. झालं. आमच्या घरातलं दही आजीनं बंद केलं. आई सोलापूरकडची, चौथी शिकलेली, तिला कळत होतं. तरी सिद्धम्मा दारात आली तेव्हा आईनंच तिला सांगितलं, "आज नगं, विरजण घरात लागलंय." घरात विरजण नव्हतं. एवढं एक वाक्य आई मरेपर्यंत घोळवत राहिली.

ईरण्णाला हे कळलं तेव्हा तो आधी हसण्यावारी न्यायला बघत होता. मग त्याची झोप उडाली. त्यानं बायकांना सांगितलं, "आगं, गोष्ट हाय ती. पुस्तकात पैंजणं हायत, काकणं म्या घातली." बायका एकमेकींकडं बघायच्या. कुणीतरी म्हणायचं, "ल्हिणाऱ्याला काय म्हाईत? तो सोलापूरचा. तुमाला समदं म्हाईत हाय, तुमी तिचा हात धरताव." तो बोलत गेला तशी गोष्ट आणखी खरी होत गेली. शेवटी त्यानं भर बाजारात सिद्धम्माकडून दही घेतलं आणि सगळ्यांदेखत ओंजळीनं खाल्लं. लोक म्हणाले, भारून टाकलंय बिचाऱ्याला. उरलेलं दही त्यानं घरी नेलं. त्याची बायको गिरिजाबाई, गरीब गाय, नवऱ्याला कधी उलट बोलली नव्हती. तिनं ते पाठीमागच्या दारानं कुत्र्याला घातलं. मग कुत्र्याला काही होतंय का म्हणून गल्ली कितीतरी दिवस कुत्र्यावर नजर ठेवून होती. कुत्रं चांगलं गुबगुबीत झालं. त्याचाही लोकांनी वेगळाच अर्थ काढला.

ईरण्णा बायकोवर ओरडला. ती शांतपणे म्हणाली, "तुमीच सांगताव, अन् तुमीच खोटं म्हणताव. आमी कुठलं धरावं?"

आणि मग एका बाजाराला सिद्धम्मा स्वतः दुकानात आली. आई तिथं होती, म्हणून मला हे माहीत. बसलेल्या बायका सरकल्या, एक तर उठून गेली. सिद्धम्मा मोकळ्या जागेवर बसली आणि उजवा हात पुढं केला.

"अण्णा, बळे भरा."

"बस, तंगी," ईरण्णा म्हणाला. तंगी म्हणजे धाकटी बहीण. बळेगार सगळ्याच बायकांना असं म्हणतो, कारण परक्या बाईचा हात हातात धरायचा असतो.

त्यानं तिचा हात घेतला. हात दगडासारखा आवळलेला. दोन बांगड्या तडकल्या.

"आज गोष्ट न्हाय व्हय?" तिनं विचारलं.

"घसा बसलाय."

"समद्या गावाला सांगितलाव. मलाच तेवढी न्हाय. मला बी कळू द्या, लोक माझं दही का घिनात ते."

ईरण्णानं पेटीतून पिवळं पुस्तक काढलं. "वाचून दावतो. ह्यात बघ, तुझं काई न्हाय, ह्यात पैंजणं..."

"पुस्तक ऱ्हाऊ द्या," सिद्धम्मा म्हणाली. "तुमी सांगताव तशी सांगा."

त्यानं सांगितली. मान खाली घालून, कसलेही हावभाव न करता. विहीर सांगितली, दिवेलागण सांगितली, दाराबाहेरचा आवाज सांगितला. आणि आवाज कसला ते गाळून पुढं जायला लागला.

"काकणं इसरलाव," सिद्धम्मा म्हणाली.

"काकणं वाजली," ईरण्णा म्हणाला. "एका हातातली."

आणि तो थांबला. त्याला थांबायचं नव्हतं. त्याला पुढचं बोलवेना. पण तिथंच नेहमी थांबायचं असतं. सिद्धम्मा ऐकत होती, सगळ्या बायका ऐकतात तशी, आणि तिचा हात त्याच्या हातात सैल पडला. ईरण्णाची बोटं सवयीनं चालली. हिरव्या बांगड्या एकामागून एक मनगटात गेल्या. त्या क्षणी त्याला स्वतःच्या बोटांची किळस आली, असं तो पुढं कधीतरी आईला म्हणाला.

"मग? तिला पाणी दिलं का कुणी?" सिद्धम्मानं विचारलं.

"न्हाय. गोष्ट तितंच संपती."

"पाणीच मागत व्हती की ती."

ईरण्णानं रीतीप्रमाणं वरची एक बांगडी भरली, आशीर्वादाची. ती भरताना तो म्हणाला, "तंगी, माझं चुकलं. लई चुकलं." सिद्धम्मा उठली आणि बांगड्या भरल्यावर सगळ्या करतात तसा तिनं त्याला वाकून नमस्कार केला. "गोष्ट चांगली सांगताव," ती म्हणाली. "मला बी भ्या वाटलं." दह्याचं मडकं तिनं भरल्या बांगड्यांच्या बदल्यात उंबऱ्याशी ठेवलं आणि गेली. आई म्हणायची, त्या दह्याला हात लावायचं धाडस तिथल्या एकीलाही झालं नाही, तिलाही नाही.

पुढच्याच महिन्यात सिद्धम्मानं म्हशी विकल्या आणि ती आळंदकडं बहिणीच्या गावी निघून गेली. जाताना कुणाला सांगायचं, आणि कशाला? गाव म्हणालं, बघा, गायब झाली, गोष्टीतल्यासारखी. ईरण्णा त्या बोलणाऱ्याच्या अंगावर धावून गेला. मग तिला शोधायला आळंदला जाऊन आला. ती भेटली की नाही हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण पुढं सोलापूरहून येताना त्याच्या पेटीत नवी पुस्तकं नसायची.

त्यानंतर त्यानं बांगड्या भरताना गोष्ट सांगितली नाही. बायकांचे हात आवळलेलेच राहायचे, काचा तडकायच्या, सांधे सोलून निघायचे. गिऱ्हाईक दुसरीकडं जायला लागलं. तो म्हणायचा, "जाऊ द्या." वाचणाऱ्यांना जुनी पुस्तकं मात्र देत राहिला, मागितली तर, आणि देताना बजावायचा, "छापलंय तसंच वाचा. आपल्या गावात आणू नगा." पुस्तक परत आलं की पूर्वी विचारायचा, भ्या वाटलं का? आता विचारायचा, "वाचताना कुणाची याद आली का?" कुणी हसत एखाद्या बाईचं नाव घेतलं की त्याला पुन्हा पुस्तक मिळायचं नाही. गुंडप्पाला असंच बंद झालं. तो बरेच दिवस फुरंगटून होता.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आईनं ईरण्णाकडं ते पिवळं पुस्तक मागितलं. तो देईना. आई म्हणाली, "म्या त्या दिवशी हितंच व्हते. मला बघू तर द्या काय छापलंय." मग त्यानं दिलं. आईनं ते दुपारी माळवदाच्या जिन्यात बसून वाचलं आणि बाजाराच्या दिवशी परत नेलं. दुकानात एक बाई हात पुढं करून बसली होती.

"कुणाची याद आली का?" ईरण्णानं विचारलं.

आईला नाही म्हणता आलं असतं. पण एकदा विरजणाचं खोटं बोलून झालं होतं.

"सिद्धम्माची," ती म्हणाली.

"त्यात पैंजणं हायत, तंगी. नीट वाचलीस न्हवं?"

"वाचलं, अण्णा. पैंजणंच हायत. पर मला काकणंच ऐकू आली."

ईरण्णानं पुस्तक घेऊन मांडीवर ठेवलं. समोरच्या बाईचा हात अजून पुढंच होता. त्यानं तिला उद्या ये म्हणून सांगितलं आणि भर दुपारी दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या.