दा नांगचा थांबा

पडदा वर जातो तेव्हा इंदिरानगरमधलं एक स्वयंपाकघर दिसतं. फ्रिजवर व्हिएतनाममधल्या दा नांग शहराचा नकाशा चिकटवलेला आहे. त्यावरचे बसथांबे चंदररावांनी पेन्सिलीने गोल करून ठेवले होते.

चंदरराव जन्मभर एसटीत कंडक्टर. बायकोला, ललिताबाईंना, तिकडे इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आणि हनोई की दा नांग, असं विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी आधी दोन्हीकडच्या बसची वेळापत्रकं धुंडाळली.

"दा नांगच," ते म्हणाले. "शाळा सुटली की मी थांब्यावर उभा असेन. उशीर केलास तर डबल बेल देऊन निघून जाईन हं."

"जा की," ललिताबाई हसल्या होत्या. "पोळ्या कोण करतं ते बघू."

गेल्या महिन्यात चंदरराव झोपेतच गेले.

आज शहर कळवायचा शेवटचा दिवस होता. त्यांची लेक तृप्ती लॅपटॉप उघडून बसली होती.

"आई, दा नांगच लिहू ना? बाबांनी थांबेसुद्धा पाठ केले होते."

ललिताबाईंनी नकाशा अलगद सोडवला, त्याची घडी घातली आणि ती बराच वेळ हातात धरून ठेवली.

"हनोई लिही. तिथे थांब्यावर माझी वाट बघायला कोणी येणारच नव्हतं."