दार जिन्यावर उघडलं

२००९ साली मृणालिनी कारखानीसांची नोकरी गेली. दुबई मरीनातल्या ज्या टॉवरचे नकाशे त्या काढत होत्या, त्याचं काम अर्ध्यावर थांबलं आणि त्यांचं ऑफिसच खलास झालं. नवऱ्याची, सदानंदची, शारजातली नोकरी टिकली म्हणून अल मजाजमधलं घर राहिलं. पण घरात नुसतं बसणं मृणालिनीबाईंच्या स्वभावात नव्हतं. हळूहळू बिल्डिंगमधली पोरं त्यांच्या डायनिंग टेबलाभोवती जमू लागली आणि ड्रॉइंगचा क्लास उभा राहिला.

मुलांच्या कागदाला बाई कधी पेन्सिल लावत नसत. मटार सोलत बसायच्या आणि प्रश्न विचारायच्या, "वारा आत आला खरा, पण बाहेर कुठून जाणार?"

खालच्या मजल्यावर मैमुनाबी राहायच्या, मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांची सातवीतली सुमैय्या या क्लासला यायची. इथल्या जुन्या घरांवर वारा खाली ओढून घेणारे मनोरे असतात. तसं एक घर तिने शाळेच्या प्रोजेक्टसाठी काढलं, भिंत कापल्यासारखं, आतलं सगळं दिसेल असं. तिच्या शाळेतल्या वली सरांनी ते पाहिलं आणि मार्कच दिले नाहीत. "हे आर्किटेक्टचं काम आहे," म्हणाले.

"मृणालिनीताई, पोरगी कालपासून धड जेवली नाय हो," मैमुनाबी सांगत आल्या. दुसऱ्या दिवशी तिघी शाळेत गेल्या.

"सर, मी एकही रेघ मारलेली नाही," मृणालिनीबाई म्हणाल्या.

"मॅडम, कसा विश्वास ठेवू?"

"तुमच्यासमोर काढू दे तिला. काहीही सांगा."

सरांनी कोरा कागद पुढे केला. "आपली शाळा काढ. मनोरा कुठे बसवशील?"

"ऑन द स्टाफरूम, सर. यू ऑल लुक सो हॉट इन देअर!"

सुमैय्या कामाला लागली. मैमुनाबी ओढणीचं टोक पिळत होत्या. मृणालिनीबाईंना मात्र पोरीची मान तिरकी झालेली दिसली आणि त्या निर्धास्त झाल्या. रंगात आली की ती अशीच बसायची.

सरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, निरखली आणि मोठ्याने हसले. दोन्हीकडे मनोऱ्याखालचं दार थेट जिन्यावर उघडत होतं. बाहेर पडणारा माणूस गडगडत खालीच गेला असता.

"ही चूक तुमची असूच शकत नाही, मॅडम."

"मी कधीच पाहिली होती. तिची तिला सापडायची वाट बघत होते."

"आंटी! यू न्यू?" सुमैय्या ओरडली आणि स्वतःच खिदळायला लागली.

"सॉरी, बेटा," सर तिला म्हणाले. "मी आधी तुलाच विचारायला हवं होतं." त्यांनी मार्क दिले. दाराबद्दल एक कापला, तो तिने हसत मान्य केला.

पुढे बांधकामं पुन्हा सुरू झाली, मृणालिनीबाईंना नोकरीही मिळाली. शुक्रवारचा क्लास त्यांनी सोडला नाही. एका शुक्रवारी वली सर स्वतःच्या मुलीला, जुलेखाला, घेऊन दारात उभे राहिले.

"घरी मदत करायची नाही हं, सर."

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको, नक्की म्हणा!"