ढगावरची धूळ

अहेरीतल्या माझ्या फोटो स्टुडिओत वनखात्यातला एक कारकून यायचा. दुर्बिणीला कॅमेरा लावून फोटो काढायचा आणि रोल प्रसादासारखा दोन्ही हातांनी पुढे करायचा.

"मृगातला ढग हाय, भाऊ. सांभाळून धुवा," तो पहिल्यांदा म्हणाला.

ढग छान उमटला, पण भोवती बारीक पांढरे ठिपके होते. निगेटिव्हवरची धूळ समजून मी दुपारभर बसून ब्रशनं एकेक ठिपका काळ्या शाईनं बुजवला.

त्यानं फोटो बराच वेळ पाहिला. "लय मेहनत घेतली तुमी."

पुढचा रोल देताना हळूच म्हणाला, "या टायमाले धूळ राहू द्या. मले आवडते."

तो ढग मृग नक्षत्रातला तेजोमेघ होता आणि ते ठिपके म्हणजे तारे, हे मला फार उशिरा दुसऱ्याकडून कळलं. तो माझ्यासमोर त्यांना शेवटपर्यंत धूळच म्हणत राहिला.