गोपिकाचं लक्ष

माही धाकटी जाऊ गोपिका लग्नाच्या पंगतीत लांब रोट्या करते. सैल कणिक हातावर खेळवत कोपरापर्यंत ताणायची अन् चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायची. आम्ही जोडीनं बसतो, पण तिची रोटी पातळ, माही जाड. अन् बाईचं मन? कधीच जाग्यावर नसते! हाका मारा, ढिम्म. "कुठी आहेस वं?" विचारलं तर नुसती हसते.

"इकडंतिकडं पाहत काम करतेस, एखाद्या दिवशी जळशील," असं तिचा पोरगा सुशील सदा म्हणे. मग सून मिनलनं मोबाइलवर पाहून शिकवलं, आई, मन हातावर ठेवायचं, दुसरा विचारच नाही. बिचारीनं मानलं. बेसा गावातल्या लग्नात डोळे फाडून स्वतःच्याच बोटांकडं पाहून राहिली. हात अडखळले, रोटी फाटली अन् मनगट मडक्याले टेकलं. माय वं, केवढा फोड!

"आता रोट्या बंद. तुह्यं लक्ष राहत नाही," सुशीलनं जाहीर केलं.

माह्यं डोकंच फिरलं. "काहून रे? इतके वर्षं मन भटकत होतं तवा साधा चटका नाही. तुमचं ऐकलं अन् जळली!"

गोपिका फोड सुकताच हुडकेश्वरच्या लग्नात येऊन चुलीसमोर बसली. सुशील मागं उभा. "आई, लक्ष दे! मडक्याकडं बघ!" ही कुठी ऐकते! नजर दूर, हात चालू. तेवढ्यात पेटतं लाकूड घसरून तिच्या साडीकडं आलं. मी नुसती किंचाळली, लक्ष देऊन बसलेली मी! गोपिकानं एका हातावर रोटी तोलली, दुसऱ्या हातानं चिमटा घेऊन लाकूड आत ढकललं अन् रोटी मडक्यावर टाकली. एक सुरकुती नाही.

"आई, तू होतीस कुठी?" सुशीलनं विचारलं.

"माहेरी. रोज जाते. काम पडलं का येते परत, आता पाहिलंस ना? हात जन्मभर तुमच्यासाठी राबले, अजून राबतील. पण मन कुठी जाते ते मले कोणी विचारायचं नाही!"

सुशील लाकडं आणाले गेला. तिच्या भावांनी माहेरचं ते घर कधीचं विकलं, आईबापही गेले. मी हळूच विचारलं, "कोण भेटलं वं तिथं?"

हात चालू होते, पण तवर ती परत गेलीही होती.